धातूंनी दूषित जमीन: बायोचार की चुना?

शिसे किंवा कॅडमियम जमिनीत मिसळले की ते सेंद्रिय प्रदूषकांप्रमाणे कुजून नाहीसे होत नाही. त्यामुळे चुना असो वा बायोचार (पिकांचे अवशेष किंवा खत तापवून केलेला कोळसा), दोन्ही उपाय धातू काढून टाकत नाहीत, तर मुळांना सहजी शोषता येणार नाही अशा रूपात तो अडकवून ठेवतात.

चुन्याचे काम सरळ आहे. आम्ल जमिनीचा सामू (पीएच) वाढल्याने, म्हणजे आम्लता घटल्याने, धातूंची कमी विरघळणारी संयुगे तयार होतात आणि परिणाम लवकर दिसतो. मात्र जमीन पुन्हा आम्ल होऊ लागली की धातू सुटू शकतो, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागते.

बायोचारचे काम अधिक गुंतागुंतीचे आणि, माझ्या मते, अधिक आशादायक आहे. भाताचे तूस किंवा मक्याची धाटे अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवली की सच्छिद्र कोळसा उरतो. त्यातील राखेमुळे सामू वाढतोच, शिवाय त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गट धातूंचे आयन (विद्युतभारित कण) धरून ठेवतात; कोंबडीखतापासून केलेल्या बायोचारमधील फॉस्फेट तर शिशाला अत्यंत कमी विरघळणाऱ्या खनिजात बांधू शकते. हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत मी बायोचारलाच पसंती देईन. अट एवढीच, की कच्चा माल स्वच्छ हवा, कारण दूषित शेतातील काडीकचरा वापरल्यास त्यातील अनेक धातू कोळशात अधिक एकवटतात.

आर्सेनिक असेल तर मात्र दोन्हींबाबत सावध राहावे: सामू वाढल्यावर ते अधिक मोकळे होऊ शकते, त्यामुळे माती परीक्षणाआधी यांपैकी काहीच टाकू नये.