जुन्या पिकअपचं मिसिंग शोधायला स्कॅनर घ्यावा की वॅक्यूम गेज?

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, वॅक्यूम गेज म्हणजे इंजिन हवा किती ओढतंय ते सुईने दाखवणारं मीटर. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही अजून वापरतो, त्यामुळे एक घ्या आणि दुसरं भंगारात टाका असलं काही सांगणार नाही. पण गाडी जुनी आहे, पेट्रोल आहे, स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये मधूनच पेट्रोल पेटत नाही, आणि खिशात एकाच वस्तूचे पैसे आहेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. (डिझेलवाल्यांनी गेजचं सोडूनच द्या, बहुतेक डिझेल इंजिनात हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डला तसा वॅक्यूम तयारच होत नाही.)

स्कॅनरचं चांगलं ते आधी. पी ०३०३ हा कोड आला की तीन नंबरचा सिलेंडर, विषय संपला, शोधाशोध नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (स्पार्कची वीज देणारी) असेल तर तीनची कॉइल पाचवर टाकायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची, आणि आता पी ०३०५ आला तर कॉइल गेली. याच्याइतकी सोपी टेस्ट दुसरी नाही. मिसिंग फक्त चढावर, लोडवरच येत असेल तर फ्रीझ फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणाची नोंद) त्या वेळचे आरपीएम, लोड, टेंपरेचर सगळं लिहिलेलं सापडतं, तिथे गेजचा फारसा उपयोग नाही हे मान्य. अर्थात गाडीला ओबीडी टू (स्कॅनर जोडायची ठरावीक व्यवस्था) असेल तर. अमेरिकेत ते १९९६ पासून सक्तीचं झालं, त्याआधीची गाडी असेल तर हा प्रश्नच मिटला.

आता मला जे खटकलं ते. इंजिन स्लोवर चालू आहे, मी बॉनेटपाशी मोबाइल धरून उभा, कानाला "फट्" असं स्पष्ट ऐकू येतंय, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर धक्का जाणवतोय, आणि स्क्रीनवरचा आकडा ढिम्म! मग जरा वेळाने हलणार, तोपर्यंत मधे अजून दोन झटके येऊन गेलेले, मग हा आकडा नेमका कुठल्या झटक्याचा? आधी वाटलं डोंगल (गाडीला लावला की मोबाइलवर रीडिंग पाठवतो तो) स्वस्तातला आहे म्हणून, पण दोष एकट्या डोंगलचा नाही. कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) यायच्या आधीच्या बऱ्याच गाड्या सेकंदाला १०.४ किलोबिटनेच बोलतात, कॅनवाल्या साधारण ५०० ने, त्यामुळे चार रीडिंग एकदम मागितली की जुनी गाडी एकेक करत सावकाश उत्तरं देते. त्यात प्रत्येक सिलेंडरचा मिसफायर काउंट (किती वेळा मिसिंग झालं) साध्या ॲपमध्ये नीट दिसणं हेही कॅनवाल्यांचंच सुख, जुन्या गाडीत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. म्हणजे ज्या गाडीला गरज जास्त तिथेच हे हत्यार बोथट. आणि नुसता पी ०३०० (मिसिंग आहे, पण कुठला सिलेंडर ते न सांगणारा कोड) आला की आपण परत होतो तिथेच.

गेजची सुई मात्र झटक्याबरोबरच हलते, मधे कोणी नाही. इंजिन गरम करा, नळी मॅनिफोल्डच्या वॅक्यूमला लावा (कार्बोरेटरवरच्या पोर्टेड, म्हणजे थ्रॉटलच्या वरच्या बाजूच्या, नळीला नको, तिथे स्लोवर काहीच येत नाही). समुद्रसपाटीला १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याचे इंच) सुई शांत उभी राहिली पाहिजे, उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. सुई ठरावीक तालात, दर वेळी तेवढीच खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व जळलाय किंवा नीट बसत नाही. मधूनच, ताल सोडून टपकली तर व्हॉल्व अडकतोय किंवा स्पार्क चुकतोय. सुई स्थिर आहे पण बरीच खाली, तर कुठेतरी हवा ओढतंय किंवा टायमिंग मागे आहे (स्पार्क उशिरा पडतोय). २५०० च्या आसपास रेस धरून ठेवली आणि सुई हळूहळू उतरतच गेली तर एक्झॉस्ट तुंबलाय. व्हॉल्व जळला काय, कॉइल गेली काय, स्कॅनरवर कोड तोच येतो, आणि लोक आधी प्लग बदलतात मग कॉइल मग इंजेक्टर, बिल वाढत जातं, गाडी तशीच. मला वाटतं, निदान माझ्या गाडीपुरतं तरी, गेजने हा सगळा फेरा वाचवला.

उणीव एवढीच की कुठला सिलेंडर ते गेज सांगत नाही. मग एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचा, ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो मेलेला. प्लगच्या वायरी उपटत बसू नका, एक तर शॉक बसतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जातं. डिस्ट्रिब्युटरची गाडी असेल तर रात्री अंधारात वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, स्पार्क बाहेर उडत असेल तर डोळ्यांना दिसतो, त्याला ना स्कॅनर लागत ना गेज.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर हे सगळं नंतर, आधी गाडी बाजूला घ्या, कॅट जळायला वेळ लागत नाही.

गेज घ्यायचाच झाला तर मोठ्या डायलचा बघा आणि नळी लांब घ्या, बॉनेटच्या फटीतून काढून वायपरखाली अडकवता येतो, मग चालवतानाही सुई समोर दिसते आणि लोडवरचं थोडंफार तिथेच कळतं.