निशी-कासाई स्टेशन आणि आजूबाजूचा एरिया: अकरा महिने राहून झाल्यावर

आधीच सांगते, मी डोंबिवलीची. त्यामुळे गर्दीबद्दल मी जे काही लिहीन ते थोडं मीठ-मसाला कमी करून किंवा वाढवून वाचा, तुमची सवय असेल तसं.

टोकियोला जायचं ठरलं तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच नाव सांगितलं, निशी-कासाई, अगं तिथे सगळे आपलेच आहेत. एदोगावा वॉर्ड, मेट्रोची तोझाई लाइन, स्टेशन नंबर टी-१६. मी आपली डोळ्यासमोर मुंबईतलं माटुंगा वगैरे आणून बसले, गजरेवाले, डोसा, देवळाची घंटा. स्टेशनबाहेर आले तर काय, बस स्टॉप, पाचिंको म्हणजे जुगारी मशीनचे अड्डे, औषधांची दुकानं आणि शिस्तीत लावलेल्या सायकली. भारत कुठेय?? तर भारत आहे, पण तो बिल्डिंगींच्या आत आहे. संध्याकाळी सातनंतर यूआरच्या, म्हणजे सरकारी धर्तीच्या भाड्याच्या बिल्डिंगींच्या, कॉरिडॉरमधून चाललात की एका दारातून फोडणीचा वास येतो, दुसऱ्यातून कोणीतरी मुलाला पाढे म्हणायला लावतंय. रस्त्यावर मात्र हे साधं, जरा झोपाळू जपानी उपनगर आहे. 'लिटल इंडिया' बघायला म्हणून आलात तर अर्ध्या तासात परत जाल.

आपली माणसं इथेच का जमली, तर २००० च्या आसपास वायटूकेच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा गडबडतील ती भानगड) कामासाठी इंजिनियर आले आणि त्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोम्बाशी, कायाबाचो अशी सगळी याच लाइनवर होती. परदेशी माणसाला घर द्यायला मालक तयार नसायचे, तेव्हा चहाच्या व्यापारासाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेले जगमोहन चंद्राणी यांनी पुष्कळ जणांना मदत केली. घराचं तेच आजही थोडंफार आहे बरं का, मला एका एजंटने फोनवरच "परदेशी नको" असं गोड आवाजात सांगितलं होतं. म्हणून यूआर. सरकारी धर्तीची घरं, जामीनदार लागत नाही, मालकाला 'आभार' म्हणून द्यायचे ते न परतणारे पैसे नाहीत, एजंटचं कमिशन नाही, करार रिन्यू करायची फी नाही. डिपॉझिट मात्र भरावं लागतं. बिल्डिंगी जुन्या आहेत, बाथरूम बघून आधी तोंड वाकडं झालं माझं, पण खोल्या ऐसपैस आणि उजेड भरपूर.

आता मेन मुद्दा, ट्रेन. ओतेमाचीला पंधरा-सोळा मिनिटं, न बदलता. पण सकाळी... २०१९ मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दीचा आकडा १९९ टक्के होता, कोविडनंतर बराच खाली आलाय. आणि हे टक्के म्हणजे काय तर सरकारी व्याख्याच आहे, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं, चांगलंच दाबल्यासारखं होतं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. वाचता येतं!! मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मग ती काय गर्दी झाली. आठ सहाच्या फास्टला डोंबिवलीत चढलेल्या बाईला साप्ताहिक वगैरे ऐकून हसूच येणार. फरक एवढाच की इथे कोणी बोलत नाही, भांडत नाही, चौथी सीट मागत नाही, सगळे डोळे मिटून दाबले जातात, आणि खरं सांगू का, पहिले दोन महिने मला त्या शांततेचाच जास्त त्रास झाला. एक डबा सकाळी बायकांसाठी असतो तो घ्या. काही गाड्यांची दारं मुद्दाम रुंद आहेत, १.८ मीटर, त्यामुळे चढ-उतार पटकन होते.

या गर्दीवरचा एक उपाय मला फार आवडतो. २०१९ च्या जानेवारीत लाइनवाल्यांनी जाहीर केलं की पुरेशी माणसं लवकरच्या गाडीने आली तर तेम्पुरा (जपानी भजी) फुकट, अजून जास्त आली तर सोबा (नूडल्स) फुकट. आपल्याकडे वडापाववर हे करून बघायला हरकत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे 'कैसोकू' म्हणजे फास्ट गाडी इथे थांबत नाही. सकाळची 'त्सुकिन कैसोकू', म्हणजे ऑफिसवेळेची फास्ट, थांबते, पण परत येताना साधी फास्ट पकडलीत तर ती तोयोचोनंतर डायरेक्ट उरायासू. मी पहिल्या महिन्यात तीनदा गेले उरायासूला. तिथून उलटी लोकल पकडायची, कासाई, मग निशी-कासाई.

आणि वारा. मिनामी-सुनामाची सोडलं की गाडी जमिनीखालून वर येते आणि आराकावा नदीवरचा लांबलचक पूल लागतो. ऑफिसमधून येताना ही माझी सगळ्यात आवडती दोन मिनिटं, आकाश एकदम मोठं होतं. पण जोराचा वारा सुटला की गाड्या हळू होतात किंवा थांबतात, आणि त्याला कारण आहे, फेब्रुवारी १९७८ मध्ये याच पुलावर चक्रीवाताने गाडीचे डबे उलटले होते. (तेव्हा निशी-कासाई स्टेशन नव्हतंच, ते १९७९ चं.) त्यामुळे वादळाच्या दिवशी घरूनच काम.

पाण्याचं पण सांगते, कारण घर बघताना कोणी सांगत नाही. वॉर्डाची साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला त्याच्या कव्हरवर आपल्याच भागावर लिहिलंय, "इथे थांबू नका". एवढा प्रामाणिक नगरपालिकेचा कागद मी जन्मात पाहिला नव्हता. मी सातवा मजला घेतला.

किराण्याची चिंता नको. पोहे, हिंग, तूरडाळ सगळं चालत जाऊन मिळतं. कोथिंबीर मात्र सुपरमार्केटमध्ये 'पाकुची' नावाने चार काड्यांच्या पुडीत मिळते, ती बघून रडू येतं, भारतीय दुकानातून घ्या. लहान मुलं असतील तर ग्योसेन पार्कातलं प्राणिसंग्रहालय चालत पंधरा मिनिटांवर आहे, रेड पांडा, पेंग्विन, आणि तिकीट शून्य. सोमवारी बंद असतं, माझ्यासारखं सुट्टी टाकून सोमवारी जाऊ नका.

ऑक्टोबरात स्टेशनजवळच्या मैदानात दिवाळीचा मेळा भरतो, तेव्हा मात्र तो बिल्डिंगींतला भारत एकदम बाहेर येतो. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, जन्म अंबरनाथचा, म्हणजे आमच्याच सेंट्रल लाइनचे! हे कळल्यावर मला उगाच एवढा आनंद झाला की शेजारच्या जपानी आजींना तोडक्या जपानीत सांगायला गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या घरून रविवारी जो वास येतो ना, तो कशाचा. मसालेभाताचा. आता दर रविवारी एक डबा त्यांच्याकडे जातो, तिखट कमी करून.