देखणी की दणदणीत? माउंटन बाइक फिल्म निवडताना

आमच्या सायकल ग्रुपची दरवर्षी जुलैत एक बैठक ठरलेली. टेकडीवर चिखल इतका की टायर आणि फ्रेम यांच्यात माती अडकून चाकच फिरत नाही. मग कुणाच्या तरी हॉलमध्ये पांढरी चादर टांगायची, प्रोजेक्टर लावायचा, भजी मागवायची आणि फिल्म बघायची. यंदा फिल्म निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तासाभरात दोन तट पडले. ‘‘घरची मंडळीही येणारेत, जरा देखणं काहीतरी लाव,’’ एक तट. ‘‘देखणं म्हणजे पाच मिनिटं ढग आणि एक मिनिट सायकल. आम्ही उठून जाऊ,’’ दुसरा.

भांडण जुनं आहे आणि खोटं नाही. माउंटन बाइक फिल्मांमध्ये खरोखरच दोन घराणी आहेत: एक देखणं, दुसरं नुसत्या राइडिंगचं. म्हणून दोन्हीकडची एकेक फिल्म समोरासमोर ठेवून बघितली. एकीकडे ‘लाइफ सायकल्स’, 2010 सालची, डेरेक फ्रँकोव्स्की आणि रायन गिब या कॅनडातल्या जोडीची. दुसरीकडे ‘डेथग्रिप’, 2017 सालची, डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावर घड्याळाशी शर्यत, करणारा ब्रिटिश रेसर ब्रेंडन फेअरक्लफ आणि त्याआधी डाउनहिल वर्ल्ड कपवर फिल्म केलेला क्ले पोर्टर यांची. दोन्ही तासाभराच्या आत संपतात, त्यामुळे वेळेचा प्रश्न नाही. प्रश्न डोळ्यांना काय हवंय याचा आहे.

‘लाइफ सायकल्स’मधला गव्हाच्या शेताचा भाग न बघितलेला माउंटन बाइकवाला मला अजून भेटायचाय. पिकलेलं, सोनेरी, कमरेइतकं शेत, त्यातून गेलेली बोटभर वाट आणि त्या वाटेवरून जाणारा राइडर. चाकं दिसत नाहीत. दिसतो तो पिकातून सरकत जाणारा माणूस आणि मागे उडणारी धूळ. यात अवघड काय आहे? राइडिंगच्या हिशेबाने फारसं काहीच नाही. आपल्यातलाही कुणी त्या वाटेवरून जाईल. तरी पंधरा वर्षांनंतर लोकांना तोच भाग आठवतो. कारण उतरत्या उन्हात ओळखीच्या वाटेवर एकट्यानं सायकल चालवताना जे वाटतं, ते त्यात जसंच्या तसं आलंय. ही फिल्म सायकलच्या जन्मापासून तिच्या अखेरीपर्यंतची गोष्ट सांगते, ऋतू बदलताना दाखवते, माती आणि गंज जवळून बघते. माझ्या बायकोनं आयुष्यात डोंगरावर सायकल नेलेली नाही. तिनं ही फिल्म शेवटपर्यंत पाहिली आणि मध्येच ‘‘अरे, थांबव जरा’’ म्हणून एक फ्रेम पुन्हा बघितली. फक्त राइडिंगच्या फिल्मबद्दल हे कधी घडलेलं नाही.

आता दुसऱ्या तटाची तक्रार, आणि ती माझीही आहे. स्लो मोशनचा साधा हिशेब करू. सेकंदाला 120 फ्रेमनी टिपलेलं दृश्य 24 फ्रेमनी दाखवलं की ते पाचपट लांबतं. राइडर हवेत एक सेकंद असेल तर पडद्यावर पाच सेकंद तरंगतो. दिसायला सुंदर. पण त्या एका सेकंदात त्यानं काय काय केलं, किती घाईनं केलं, तेच नाहीसं झालं. वेग हाच ज्याचा जीव आहे त्यातून वेग काढून घेतला. मग जम्प बारा फुटांची की चाळीस, कळत नाही, दोन्ही सारख्याच हळुवार.

दुसरी गोष्ट कटची. उडी घेतली: एक शॉट. हवेत: दुसऱ्या कोनातून दुसरा. उतरला: तिसरा. हे तिन्ही एकाच प्रयत्नातले आहेत की तीन वेगवेगळ्या दिवसांचे, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. फसवणूक म्हणत नाही मी. सिनेमा असाच होतो. पण ज्याला राइडिंग वाचायचंय, म्हणजे लाइन (चाकाची नेमकी वाट) कुठून घेतली, ब्रेक कधी सोडला, वजन कधी मागे गेलं, त्याच्यासाठी प्रत्येक कट म्हणजे पुस्तकातलं फाडलेलं पान.

पण देखण्या घराण्यावर लबाडीचा ठपका ठेवून मोकळं होता येत नाही, कारण ते जन्मालाच आलं दुसऱ्या घराण्याला कंटाळून. 1998 मध्ये ‘क्रँक्ड’ मालिकेची पहिली फिल्म आली. ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्सच्या भुसभुशीत, उघड्या टेकड्या आणि त्यांवरून स्वतःला लोटून देणारे वेड सिमन्स, रिची श्ले, ब्रेट टिपी. फ्रीराइड, म्हणजे शर्यत नाही, उतार सापडेल तसा चालवायचा, हा शब्द जगभर पोहोचला तो अशा व्हिडिओंतून. 2000 पासून ‘न्यू वर्ल्ड डिसऑर्डर’ दरवर्षी येऊ लागली, दहा भाग झाले. मोठा कडा, त्याहून मोठा कडा, मोठ्या आवाजातलं संगीत, मोडलेली सायकल, मोडलेला खांदा. पहिल्या दोन-तीन भागांना छाती धडधडते. पुढे पुढे मात्र लग्नाच्या पंगतीत सगळीच पक्वान्नं एकदम वाढल्यासारखं होतं. पोट भरतं, चव लक्षात राहत नाही.

2004 मध्ये ‘द कलेक्टिव्ह’ आली ती त्याच वेळी. पूर्ण 16 मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेली. 16 मिलिमीटरचं शंभर फुटी रीळ 24 फ्रेमनी चालवलं तर पावणेतीन मिनिटांत संपतं. संपलं की बदला, धुवायला पाठवा, पैसे मोजा. असा कॅमेरा हातात असलेला माणूस बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार करतो: ऊन कुठून येतंय, झाड कुठे आहे, राइडर फ्रेममध्ये कुठून शिरेल. त्यात झाडांमध्ये तार बांधून तिच्यावरून कॅमेरा सोडायची युक्ती आली. जंगलातल्या वाटेवर राइडरच्या शेजारून, त्याच्याच वेगानं जाणारा कॅमेरा. ही युक्ती देखणी होतीच, शिवाय त्यातून राइडिंगही आधीपेक्षा जास्त दिसू लागलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन घराण्यांमधली भिंत तेव्हाच तडकली होती म्हणायचं.

‘डेथग्रिप’कडे वळू. तीत गोष्ट सांगण्याचा आव नाही. मित्र आहेत, अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटाचे हिरवेगार उतार आहेत, आणि वेग आहे. शिस्तबद्ध रेसिंगमधून आलेला राइडर घड्याळ बाजूला ठेवून सायकल चालवतो तेव्हा काय होतं, ते बघायला मिळतं. वळणात सायकल किती आडवी जाऊ शकते, मागचं चाक सटकल्यावर ते सटकू देऊन पुढे कसं निघायचं, हे आमच्यातल्या तरुण मंडळींनी मोबाइलवर थांबवून थांबवून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन दोघं पडले. (कुणाला काही लागलं नाही. एकाची गिअर केबल गेली.) अशा फिल्मचा उपयोग असा असतो. पण खरं सांगायचं तर विसाव्या मिनिटानंतर न चालवणाऱ्या माणसाचा हात मोबाइलकडे जातो. त्याला सगळी वळणं सारखीच दिसतात. दोष फिल्मचा नाही. क्रिकेट न कळणाऱ्याला पाच दिवसांची कसोटी बघायला बसवण्यासारखं आहे ते.

निवडण्याआधी तेरा मिनिटं खर्च करणार असाल तर एक चाचणी सुचवतो, तीही फुकटात, यूट्यूबवर. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलचे दोन व्हिडिओ लागोपाठ बघा. पहिला एप्रिल 2009 चा, साडेपाच मिनिटांचा, एडिंबरात टिपलेला. कॅमेरा त्याच्याबरोबर राहणाऱ्या डेव्ह सॉवर्बीच्या हातात. सायकल ट्रायल्सची, म्हणजे तोल सांभाळत अडथळ्यांवरून न्यायची, जागा रस्त्यावरची. सुरुवातीलाच तो लोखंडी कुंपणाच्या टोकदार गजांवरून सायकल न्यायचा प्रयत्न करतो आणि पडतो. पुन्हा पडतो. मग जमतं. कॅमेऱ्याची करामत जवळपास शून्य, पण ते पडणं दाखवल्यामुळे पुढच्या प्रत्येक गोष्टीची किंमत आपल्याला कळते.

दुसरा 2014 चा ‘द रिज’, साडेसात मिनिटांच्या आसपास. तोच माणूस, आता त्याच्या जन्मभूमीत, स्काय बेटावरच्या कूलिन डोंगररांगेच्या धारेवर. ड्रोन वर जातो आणि काळ्या कातळाच्या सुरीसारख्या धारेवर सायकलवाला मुंगीएवढा दिसतो. इनॲक्सेसिबल पिनॅकल नावाच्या सुळक्यावर तो सायकल खांद्यावर टाकून चढतो. शेवटी सपाटीला आल्यावर काटेरी तारेच्या कुंपणावरून सायकलसकट पुढे कोलांटी मारतो. यातला निसर्ग सजावटीसाठी आणलेला नाही. धार किती अरुंद आहे हे वरून दाखवल्याशिवाय त्या राइडिंगचा अर्थच कळला नसता. आपल्याकडे तैलबैलाची भिंत समोरून बघून तिची जाडी कळत नाही, बाजूला जावं लागतं, तसंच.

यातला पहिला जास्त आवडला तर तुम्ही राइडिंगवाले, दुसरा आवडला तर देखणेवाले, असं म्हणायचा मोह होतो. मला विचाराल तर पहिला मी दहा वेळा बघितलाय आणि दुसरा दहा जणांना दाखवलाय.

तिसरी एक फिल्म मात्र या भांडणात कुठल्याच बाजूला बसत नाही. 2015 ची ‘अनरियल’. ‘द कलेक्टिव्ह’वाल्यांतल्याच काही जणांनी पुढे काढलेली अँटहिल फिल्म्स आणि टेटन ग्रॅव्हिटी रिसर्च या दोन संस्थांची. तीत कॅलिफोर्नियातल्या कँब्रियाच्या टेकड्यांवर ब्रँडन सेमेनकचा एक भाग आहे. रॅम्पेज ही फ्रीराइडची सगळ्यात मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकलेला हा कॅनडाचा राइडर. पूर्ण भाग एकाच शॉटमध्ये, एकही कट नाही. त्यासाठी ट्रेल बांधली आणि ट्रेलला समांतर रस्ताही बांधला, ट्रकसाठी. ट्रकवर हेलिकॉप्टरला लावतात तसा स्थिर राहणारा कॅमेरा. ट्रक आणि सायकल शेजारी शेजारी धावतात, जम्पमागून जम्प येते, राइडर फ्रेमच्या बाहेर जात नाही.

देखणेपणात हा भाग गव्हाच्या शेताइतकाच. पण इथे देखणेपणा राइडिंगची साक्ष देतो. शेवटच्या जम्पला चूक झाली तर पहिल्यापासून सगळं पुन्हा, हे बघणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. कट नाही म्हटल्यावर लपवायला जागा नाही. म्हणून मी आता फिल्मचा ट्रेलर बघताना मनात आकडे मोजतो: एक, दोन, तीन... कट. तीनच्या पुढे आकडा जातच नसेल तर ती फिल्म मी राइडिंगसाठी निवडत नाही, मग उडी कितीही मोठी असो.

ज्याला उलट टोक हवं असेल त्याच्यासाठी सेमेनकच्याच ‘रॉ 100’ नावाच्या छोट्या फिल्म आहेत: शंभर सेकंद, संगीत नाही, स्लो मोशन नाही. फक्त टायर, साखळी आणि माती यांचा आवाज. देखण्या फिल्मांत हे आवाज बऱ्याचदा नंतर स्टुडिओत बसवलेले असतात आणि तेही संगीताखाली दबतात. बघताना कानांनी वेग मोजायची सवय असलेल्यांना ही शंभर सेकंदं तासभराच्या फिल्मपेक्षा जास्त देतात.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. राइडरच्या डोळ्यांनी बघायला मिळतं म्हणून ते सगळ्यात खरं, असं वाटतं. पण रुंद लेन्स उतार सपाट करून टाकते. जिथे आपली गाळण उडाली होती ती जागा घरी येऊन बघितली की हायवेसारखी दिसते. राइडिंगसाठी फिल्म निवडणाऱ्यानं यावर भिस्त ठेवू नये.

आता व्यवहाराचं. पडदा कोणता आहे ते आधी बघा. ‘लाइफ सायकल्स’ मोबाइलवर बघणं म्हणजे शालूचा फोटो बघून पोत ठरवणं. प्रोजेक्टर असेल, खोली पूर्ण अंधारी होत असेल तरच ती लावा. आमच्याकडे मागच्या वर्षी खिडकीतून उजेड येत होता आणि अर्धी फिल्म करड्या धुक्यात गेली. दोष फिल्मला मिळाला. ‘डेथग्रिप’ला छोटा पडदा, उजेड, गडबड काहीही चालतं, कारण हालचाल कशातूनही दिसते. तिला स्पीकर मात्र बरे हवेत.

प्रेक्षक मिश्र असतील तर फक्त राइडिंगची फिल्म लावू नका, आणि फक्त राइडर असतील तर देखणी फिल्म आधी लावू नका, ते तुम्हाला वर्षभर ऐकवतील. नुकताच सायकल घेतलेला, शिकायला उत्सुक असा कुणी पुतण्या-भाचा असेल तर त्याला दोन्ही बाजूला ठेवून लांब शॉटवाली फिल्म द्या, आणि हवेतल्या करामतींपेक्षा वळणं बघायला सांगा.

आमच्या शनिवारचं असं ठरलं: सगळे येईपर्यंत, भजी गरम असताना, मॅकॅस्किलचे दोन्ही व्हिडिओ. मग अंधार करून ‘लाइफ सायकल्स’. त्यानंतर अर्धी मंडळी मुलांना घेऊन घरी जातात, हा दरवर्षीचा अनुभव. उरलेल्यांसाठी ‘डेथग्रिप’, आवाज शेजारच्या काकू दार वाजवेपर्यंत. ‘अनरियल’मधला तो एक शॉट मी मध्यंतरात न सांगता लावणार आहे. बघू, कट नाही हे आधी कोणत्या तटाच्या लक्षात येतं.