गाडी मिसिंग मारतेय: बॉनेट स्वतः उघडावं की गॅरेज गाठावं?

चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आचके देते, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग मारतेय. माझं मत आधीच सांगतो. दोष घरी शोधा, दुरुस्ती प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) आणि कॉइल (त्या ठिणगीला वीज पुरवणारी) इथपर्यंतच घरी करा, पुढचं काम गॅरेजला द्या.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (गाडीचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो भाग आतून वितळू शकतो. नवा कन्व्हर्टर प्लग-कॉइलच्या कितीतरी पट महाग पडतो. गाडी कडेला घ्या आणि टो करून न्या.

दोष शोधण्यात घरचं पारडं जड आहे, याचं कारण अगदी साधं आहे. मिसिंग बऱ्याचदा सकाळी गार इंजिनावर येतं, नाहीतर पावसात. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि गाडी गुळगुळीत चालायला लागते. मेकॅनिक एक फेरी मारतो, त्याला काहीच जाणवत नाही. माझ्या गाडीचे अशाच एका खेपेत चारही प्लग बदलले गेले, वर इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) साफ केल्याचं बिल झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आचके पुन्हा हजर. गाडी सकाळी सहाला तुमच्या दारात उभी असते, गॅरेजच्या नाही.

लागतं काय? स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर, मोबाइलवर एखादं ॲप, १० चा पाना, एक्स्टेन्शनसह प्लगची गोटी (प्लग खोलायचा नळीसारखा पाना). स्कॅनर लावला की ॲपवर दोषाचा कोड दिसतो. पी ०३०० कोड आला तर मिसिंग कुठल्या एका सिलिंडरचं ठरलेलं नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. बहुतेक गाड्यांत १ नंबर बेल्टच्या किंवा टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या.

मग अदलाबदल. इंजिन पूर्ण गार, चावी बंद. माझ्या गाडीला पी ०३०२ होता. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर, कोड पुसला आणि गाडी सुरू केली. पाच मिनिटांत पी ०३०३ आला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. कोड जागचा हलला नसता तर हाच खेळ प्लगचा करायचा. तोही जागेवर राहिला तर दोष इंजेक्टरचा, हवेच्या गळतीचा किंवा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा), आणि तिथे घरचं काम संपतं. चालू इंजिनावर कॉइल उपटून बघायची जुनी सवय मात्र सोडा. तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो आणि कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरकडे जातं.

प्लग काढलाच आहे तर उजेडात धरा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय, हे काम गॅरेजचं. प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गॅस्केट बघायला सांगा, नाहीतर नवी कॉइलही लवकर जाईल.

सीएनजीवाल्यांना एक चाचणी फुकट मिळते. बटण दाबून पेट्रोलवर घ्या. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते आणि पेट्रोलवर निभावून नेते. प्लग नवे, कॉइल ठीक आणि तरीही फक्त सीएनजीवर आचके, तर किटचा फिल्टर, इंजेक्टर किंवा ट्यूनिंग. गॅसच्या पाइपांना घरी हात लावू नका, तिथे सीएनजीचाच माणूस हवा.

दुरुस्तीत मात्र पारडं फिरतं. कॉइल एका बोल्टची आणि एका कनेक्टरची, ती घरी निर्धास्त बदला, मजुरी वाचेल. प्लगमध्ये धोका आट्यांचा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग स्टीलचा. गरम इंजिनावर काढला किंवा वाकडा धरून पान्याने रेटला तर आटे जातात, आणि चार प्लगांच्या बचतीवर हेडचं काम निघतं. प्लग गोटी आणि एक्स्टेन्शनने नुसत्या बोटांनी फिरवत न्यायचा. तो टेकला की खोक्यावर लिहिलं असेल तितकंच आवळायचं, नव्या वॉशरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा. बोटांना अडखळल्यासारखं वाटलं तर मागे घ्या, पुन्हा लावा. हा धीर नसेल तर प्लग ओळखीच्या गॅरेजमध्येच बदला, त्यात कमीपणा नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर महाग पडतं, पण गाडी वॉरंटीत असेल तर बाकी तुलनेला अर्थ नाही. कोडचा फोटो काढा, पाना न लावता गाडी तिकडे न्या. वॉरंटी संपल्यावर मी तरी साध्या मिसिंगसाठी तिथे जात नाही. कॉम्प्रेशन टेस्टर चांगल्या लोकल गॅरेजमध्येही असतो.

डिझेलवाल्यांनी थेट जाणकाराकडे जावं. तिथे ठिणगीचा प्लगच नसतो, आणि कॉमन रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब १००० बारच्या वर जातो. ती लाइन घरी खोलायची नसते.

आणि टियागो, क्विड, सेलेरिओसारखी तीन सिलिंडरची गाडी असेल तर स्कॅनर घेण्याआधी तशीच दुसरी गाडी चालवून बघा. उभ्या गाडीत थोडी थरथर या इंजिनांना असतेच, चढावर आचके मात्र नसतात.

शेवटी गॅरेजला जावंच लागलं तर ‘गाडी धक्के खाते’ एवढंच सांगून चावी देऊ नका. उदाहरणार्थ, असं सांगा: “कोड पी ०३०२ आहे, फक्त सकाळी गार असताना येतो. दोनची कॉइल आणि प्लग तीनवर टाकून बघितले, कोड दोनवरच राहिला. आता इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघा.”