एमएसमधल्या व्हाइट मॅटरसाठी डीटीआय की नोडी?

सोलापुरात रेडिओलॉजीच्या एमडीचा प्रबंध मल्टिपल स्क्लेरोसिसवर (एमएस, म्हणजे चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजवणारा आजार) करायचा असेल, तर आधी हाताशी असलेले एमआरआय यंत्र बघा. १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) असेल तर डीटीआयच करा, म्हणजे पाण्याचे डिफ्युजन (रेणूंची हालचाल) कोणत्या दिशेला किती ते मोजणारे साधे तंत्र. ३ टेस्ला आणि मल्टिबँड (एकाच वेळी अनेक काप टिपायची सोय) असेल तर नोडीसाठी दोन शेलचा डेटा घ्या, म्हणजे दोन वेगळ्या बी-मूल्यांवर (डिफ्युजन किती ठळक टिपायचे तो आकडा). त्यातल्या खालच्या शेलवरून डीटीआय निघतेच. निदानाचा भार फ्लेअर, टी२ आणि कॉन्ट्रास्टनंतरच्या टी१ या नेहमीच्या प्रतिमांवर असतो. डिफ्युजनचा खरा उपयोग फ्लेअरवर निरोगी दिसणाऱ्या व्हाइट मॅटरमधली (मेंदूतला तंतूंचा पांढरा भाग) हानी मोजण्यासाठी.

डीटीआयचा साधा आराखडा असा: बी १०००, ३० दिशा, ५ बी-शून्य (डिफ्युजनचे वजन नसलेल्या प्रतिमा), २.५ मिमीचे घन व्हॉक्सेल (प्रतिमेचे ठोकळे). टीआर (एका फेरीचा वेळ) ८.५ सेकंद धरला तर पाच मिनिटांत काम होते. एमएसमध्ये एफए (डिफ्युजन एकाच दिशेला किती बांधलेले ते) घटते आणि एमडी (इथे पदवी नव्हे, सरासरी डिफ्युजन) वाढते, पण कशामुळे ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. मायलिन झडले, अ‍ॅक्सॉन (चेतातंतू) मेले किंवा सूज आली, तरी आकडे त्याच दिशेला सरकतात. जिथे तंतूंचे दोन जुडगे एकमेकांना छेदतात, तिथे एक जुडगा झिजला तर एफए उलट वाढूही शकते. म्हणून ‘आरडी (तंतूंना आडवे डिफ्युजन) वाढली म्हणजे मायलिन गेले’ हे वाक्य प्रबंधात नकोच.

नोडी हे दोन शेल वापरणारे मॉडेल २०१२ चे. त्यात न्यूराइटची (चेतापेशींच्या फांद्यांची) घनता, दिशांचा विखुरलेपणा आणि मोकळे पाणी वेगवेगळे निघते. एमएसचे डाग अनेकदा व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) लागून असतात आणि शेजारच्या सीएसएफमुळे (त्या द्रवामुळे) तिथली एमडी फुगते, त्यामुळे ही फोड मोलाची. बी १००० वर ३० दिशा, २००० वर ६० आणि ९ बी-शून्य घेतले तर मल्टिबँडशिवाय १४ मिनिटे लागतात, मल्टिबँड २ ने सात. उणीवही मोठी आहे: तंतूंच्या दिशेने होणारे डिफ्युजन सगळीकडे १.७ × १०⁻³ चौ. मिमी/सेकंद असे गृहीत धरलेले असते. जुन्या, पोखरलेल्या डागात हे गृहीतक टिकत नाही; तिथले घनतेचे आकडे जपून वाचा.

मायलिन थेट या दोन्हींपैकी कुणालाच दिसत नाही. मायलिनमधल्या पाण्याचा टी२ (सिग्नल विरण्याचा काळ) इतका कमी असतो की ८०–१०० मिलिसेकंदांच्या टीईपर्यंत (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) त्याचा सिग्नल विरून जातो.

चुका बहुतेक स्कॅनच्या वेळीच होतात. दोन शेल वेगळ्या सिरीजमध्ये घेतले की यंत्र प्रत्येकासाठी किमान टीई स्वतः निवडते आणि शेलची तुलनाच बिघडते. टीई हाताने सारखा ठेवा. उलट फेज-एन्कोडिंगचा (उलट दिशेने टिपलेला) एक बी-शून्य घेतलाच पाहिजे, नाहीतर कपाळामागचा भाग ताणलेलाच राहतो. पॅक्सवर (रुग्णालयातला प्रतिमांचा साठा) बहुधा नुसते एडीसीचे (डिफ्युजनच्या प्रमाणाचे) नकाशे जातात, म्हणून मूळ डायकॉम फाइल्स त्याच दिवशी उतरवून घ्या. एप्रिल-मेमध्ये पंढरपूर-बार्शीहून येणाऱ्या रुग्णांना सकाळची वेळ द्या. सोलापूरच्या उन्हाने एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, आणि अस्वस्थ रुग्ण चौदा मिनिटे स्थिर पडून राहत नाही. लघवीची घाई हेही या आजारात नेहमीचेच. टेबलावर घेण्याआधी विचारा.

विश्लेषणात टीबीएसएस (सगळ्यांची एफए व्हाइट मॅटरच्या मध्यरेषांच्या एका सांगाड्यावर आणून तुलना करणारी पद्धत) वापरणार असाल तर एक धोका आहे. ते सांगाड्याच्या आजूबाजूची सर्वाधिक एफए शोधते आणि नेमका डागच टाळून शेजारचा निरोगी व्हॉक्सेल उचलू शकते. फ्लेअरवरून डागांचे मास्क काढून त्यांचे आकडे वेगळे मोजा.