कोपर्निकस जीएलओ-३०: हिमनदीच्या नकाशाला चालेल, पण मास्क बघून

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटात हिमालयासाठी सध्या कोपर्निकस जीएलओ-३० ला (सुमारे ३० मीटर पिक्सेलची जागतिक डीईएम, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला उंची देणारी फाइल) तोड नाही. पण डाउनलोड केलं, कंटूर काढले, झालं काम, असं मात्र नाही. गंगोत्रीचंच घ्या. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी एन३०-ई०७९ (३० अंश उत्तर, ७९ अंश पूर्वपासूनचा एक अंशाचा चौकोन) या एका टाइलमध्ये बसते, त्यामुळे जोडाजोडीची कटकट नाही.

घोळ होतो तो प्रोजेक्शनमध्ये. या अक्षांशावर पिक्सेल उत्तर-दक्षिण ३१ मीटर, तर पूर्व-पश्चिम जेमतेम साडेसव्वीस. तसाच उतार काढलात तर आकडे चुकणारच. आधी यूटीएम झोन ४४ उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये) आणा आणि रीसॅम्पलिंग (उंची नव्या जाळीवर बसवायची पद्धत) बायलिनिअर किंवा क्युबिक ठेवा. डीफॉल्ट 'निअरेस्ट' राहिलं की हिलशेडवर (उजेड-सावलीच्या चित्रावर) पट्टे उमटतात आणि शिव्या बिचाऱ्या उपग्रहाला बसतात.

नुसती डीईएम फाइल घेऊ नका, सोबतचा फिलिंग मास्कही घ्या (कुठली उंची बाहेरून भरली ते दाखवणारी फाइल). हा डेटा ज्यावरून आला त्या टॅनडेम-एक्स उपग्रहांचं रडार तिरकं बघतं, त्यामुळे कड्यांच्या आडोशाला डेटात भोकं पडतात आणि ती दुसऱ्या डीईएमने बुजवलेली असतात. मास्क उघडला की हे ठिगळ कुठे आहे ते लगेच दिसतं.

बर्फ किती झिजला हे काढायला यातून एसआरटीएम (अवकाशयानातल्या रडारवरून केलेली जुनी डीईएम) वजा करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. एसआरटीएम फेब्रुवारी २००० चा, ईजीएम९६ या समुद्रसपाटीच्या मॉडेलवर. हा २०११ ते २०१५ चा, ईजीएम२००८ वर. दोन्ही आधी एकाच लंबगोलावर आणा. मग नूथ-काब पद्धतीने (दोन डीईएममधली सरक शोधून काढणारी पद्धत) जुळवा, तेही फक्त स्थिर जमिनीवर: बर्फ, तलाव, फार तीव्र उतार वगळून. ४० अंशांच्या उतारावर १० मीटर आडवी सरक म्हणजे उंचीत ८ मीटरची खोटी चूक, समोरच्या उतारावर उलट चिन्हाची. एवढं करूनही वरच्या कोरड्या फर्नमध्ये (जुन्या, घट्ट होत चाललेल्या हिमात) एसआरटीएमचा सी-बँड रडार टॅनडेम-एक्सच्या एक्स-बँडपेक्षा खोल शिरतो, म्हणजे झीज कमी भासते. शिवाय एकाच पिक्सेलमध्ये वेगवेगळ्या वर्षांची निरीक्षणं मिसळलेली, मग वार्षिक दर काढायला भागायचं किती वर्षांनी?

त्यामुळे झिजेच्या हिशोबासाठी हाय माउंटन एशियाच्या ८ मीटर डीईएमच्या तारीखवार पट्ट्या बऱ्या, भोकं सहन करायची तयारी असेल तर. नकाशासाठी मात्र जीएलओ-३० बिनधास्त वापरा. कंटूर ५० मीटरचे ठेवा. १० मीटरचे म्हणजे निव्वळ देखावा. हिमनदीची सीमा आरजीआय ७.० मधून (जगभरच्या हिमनद्यांच्या सीमांचा संग्रह) घेतलीत तर ती साधारण २००० सालची असते, आणि गोमुख, म्हणजे हिमनदीचं टोक, तेव्हापासून मागे सरकलंय. तिथली रेषा ताज्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेवर हातानेच दुरुस्त करा. दगडमातीखालचा बर्फ ऑटोमॅटिक वर्गीकरणाला नीट सापडत नाही.