फ्रांक घ्यावा की तोइक्का? फिनिश काच-सिरॅमिक पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

फिनलंडमध्ये नवा संसार मांडताना ईत्ताला या फिनिश काचभांड्यांच्या ब्रँडच्या दुकानात दोन डिझायनरांचं काम हमखास समोर येतं. काई फ्रांक (1911–1989) आणि ओइवा तोइक्का (1931–2019). दोघांचाही जन्म विईपुरीचा. ते शहर आज रशियात आहे. काच, सिरॅमिक, कापड या तिन्हींत दोघांनी काम केलं. तोइक्कांनी तर नाटकांचं नेपथ्यही केलं. नूतायार्वीच्या काचकारखान्यात फ्रांक कलासंचालक असतानाच, 1963 मध्ये, तोइक्का तिथे रुजू झाले. तरीही दोघांच्या वस्तू एकाच छपराखाली घडल्या असतील असं वाटत नाही.

फ्रांकना नक्षी नको होती आणि नावही नको होतं. रोजच्या वापरातल्या वस्तूवर डिझायनरचं नाव मिरवू नये, यासाठी ते भांडले. युद्धानंतरच्या लहान घरांत मोठाले डिनर सेट कशाला, म्हणून 1953 मध्ये त्यांनी अराबिया या फिनिश सिरॅमिक कंपनीसाठी ‘किल्ता’ हा भांड्यांचा संच आणला: गोल, चौकोन, आयत एवढेच आकार, भांडी सुटी मिळणारी, रंग हवे तसे मिसळा. सत्तरच्या दशकात तो बंद पडला आणि 1981 मध्ये जास्त टणक मालात ‘तेमा’ म्हणून परत आला. तेमा ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर सगळं सोसतं. ताटाला पसरट कड नाही, काठ किंचित उचललेला आहे. त्यामुळे वरणभात हाताने कालवून जेवणाऱ्यांना हे ताट फार सोयीचं. जुन्या बाजारात किल्ता मिळालं तर मात्र चकाकीवर बारीक तडे आहेत का ते उजेडात धरून पाहा. माल सच्छिद्र आहे, हळद तड्यांत शिरली की निघत नाही.

तोइक्कांचा हात सढळ. त्यांच्या 1964 च्या ‘कास्तेहेल्मी’ काचभांड्यांवर दवाच्या थेंबांसारखे काचेचे मणी वर्तुळांत बसवलेत. साच्यात दाबलेल्या काचेवर जोडाच्या खुणा राहतात, त्या झाकायला ही नक्षी सुचली. सजावटीमागे असं चोख कारण असलं की ती मला मनापासून पटते. मेणबत्ती ठेवायची लहान वाटी भेट म्हणून उत्तम.

आणि 1972 पासूनचे त्यांचे काचेचे पक्षी! फुंकून घडवलेले, सही असलेले, शेकडो प्रकारचे. उपयोग शून्य, किंमत भरपूर, पण खिडकीत ठेवल्यावर हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात ते जे रंग दाखवतात, ते मला फ्रांकच्या कुठल्याही भांड्यात दिसले नाहीत.

बजेट एकदाच जमणार असेल तर मी निःसंशय तेमा सांगेन: चार ताटं, चार खोलगट वाडगे, सोबत फ्रांकचेच 1958 चे ‘कार्तिओ’ पेले. स्वयंपाकघर आधीच भरलेलं असेल तर पक्षी घ्या. मात्र फोटो पाहून मागवू नका. हातचं काम असल्यामुळे एकाच जातीच्या दोन पक्ष्यांतही मान आणि रंग वेगळे उतरतात. दुकानात जाऊन दोन-तीन शेजारी ठेवून निवडा.